ट्रे फ्लिप फिरते, पण बसत नाही

स्केटबोर्डवर ट्रे फ्लिप ही ट्रिक शिकणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच धर्तीची असते. किकफ्लिप (हवेत बोर्डची लांबीभोवती एक पलटी) पक्की आहे, व्हेरियल फ्लिपही (तीच पलटी, जोडीला अर्धी आडवी फेरी) बसते, पण ट्रे फ्लिप (पलटीबरोबर पूर्ण फेरी) महिनोन् महिने तिथल्या तिथेच अडकली आहे. कधी बोर्ड पाऊणच फिरतो, कधी पूर्ण फिरून पुढे निघून जातो, तर कधी सगळं जुळून येतं आणि ऐन वेळी एक पाय जमिनीवर पडतो. यावर आजूबाजूचे सल्लेही ठरलेले: "पुढच्या पायानं अजून जोरात फ्लिक मार" (फ्लिक म्हणजे पलटीसाठी बोर्डच्या कडेला दिलेला पायाचा झटका), नाहीतर "घाबरू नकोस, चढून टाक." माझ्या मते हे दोन्ही सल्ले बहुतेकांच्या बाबतीत भलत्याच जागी बोट ठेवतात. ट्रे फ्लिपमधला दोष दिसतो शेवटी, बोर्ड खाली येताना. पण तो निर्माण झालेला असतो अगदी सुरुवातीला, मागच्या पायाच्या चवड्यात आणि खांद्यांत. म्हणून पायाला काय वाटलं यावर फार विसंबू नका. बोर्ड कुठे पडला, कसा पडला, किती फिरून पडला ते बघा आणि तिथून उलट्या दिशेनं कारणापर्यंत जा.

हे लिहिताना मी असं धरून चाललोय की तुम्हाला चालत्या बोर्डवर ऑली (हात न लावता बोर्डसकट उडी), पॉप शव्हिट (बोर्ड उडवून आडवा अर्धा फिरवणं) आणि किकफ्लिप या तिन्ही ट्रिका दहापैकी सात-आठ वेळा तरी जमतात. त्या जमत नसतील तर आधी त्यांच्याकडेच वळा. ट्रे फ्लिपवर घालवलेला तो वेळ फुकट जाईल आणि नडग्या विनाकारण सोलून निघतील.

हवेत नेमकं काय होतं

ट्रे फ्लिपमध्ये दोन फिरक्या एकाच वेळी चालू असतात. बोर्ड जमिनीला समांतर राहून पूर्ण ३६० अंश फिरतो, हा शव्हिटचा भाग. त्याच वेळात तो स्वतःच्या लांबीभोवती एक पूर्ण पलटी घेतो, हा किकफ्लिपचा भाग. फिरण्याची दिशा बॅकसाइड, म्हणजे टेल (बोर्डचं मागचं टोक) आधी तुमच्या पाठीकडे जाते. डावा पाय पुढे ठेवणाऱ्या रेग्युलर स्केटरचा बोर्ड वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, उजवा पाय पुढे ठेवणाऱ्या गूफी स्केटरचा त्याच्या उलट.

आता या दोन फिरक्यांना लागणारा जोर सारखा नसतो, आणि सगळी गोम इथेच आहे. बोर्ड साधारण ३२ इंच लांब आणि ८ ते साडेआठ इंच रुंद असतो. लांबीभोवती पलटी घेताना त्याचं बहुतेक वजन अक्षाच्या जवळ असतं, त्यामुळे तो जरासा धक्का मिळाला तरी पलटतो. आडवा फिरताना मात्र नोज (पुढचं टोक), टेल आणि दोन्ही ट्रक (चाकं ज्यांवर बसतात ते धातूचे सांगाडे) अक्षापासून लांब असतात. तेच वजन लांबवर फिरवायला कितीतरी पट जास्त जोर लागतो. म्हणजे अवघड काम ३६० फिरवण्याचं आहे आणि ते सगळं मागच्या पायाचं आहे. पुढच्या पायाकडे त्या मानानं हलकं काम येतं. जे लोक पुढच्या पायानं लाथ झाडतात, ते आधीच सोप्या असलेल्या कामावर ताकद खर्च करतात आणि अवघड काम उपाशी ठेवतात.

दुसरी गोष्ट वेळेची. तुम्ही एक फूट वर उडालात तर वर जाऊन खाली यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. बोर्डाची एक फेरी, एक पलटी, तो पायात पकडणं आणि खाली उतरणं, सगळं त्या अर्ध्या सेकंदात. फिरकीचा वेग सुरुवातीलाच मिळायला हवा, मागाहून तो वाढवता येत नाही.

सपाट जमिनीवरच्या बहुतेक फ्लिप ट्रिकांप्रमाणे हीसुद्धा अमेरिकन स्केटर रॉडनी मलेनची. हात न लावता बोर्ड उडवण्याची ऑली फ्लोरिडाच्या ॲलन गेलफँडनं १९७० च्या दशकाच्या अखेरीस उताराच्या भिंतींवर बसवली होती. मलेननं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सपाट जमिनीवर आणली आणि त्यातून किकफ्लिप, हीलफ्लिप, ट्रे फ्लिप अशी रांगच लागली. हे सांगण्याचं कारण एवढंच की ही ट्रिक सपाटीवर जन्मलेली आहे. जवळ स्केटपार्क नाही म्हणून ती अडत नाही. चार गाड्यांच्या पार्किंगइतका गुळगुळीत कोबा पुरतो.

आधी ग्रिपटेप वाचा

ट्रिक पुन्हा मारण्याआधी बोर्ड हातात घ्या आणि ग्रिपटेपवरची, म्हणजे वर चिकटवलेल्या खरखरीत पट्टीवरची, झीज बघा. फोनच्या व्हिडिओइतकीच ती खरं बोलते.

मागचा पाय जिथे झटका देतो ती जागा टेलच्या मधोमध झिजली असेल, तर तुम्ही ट्रे फ्लिप मारतच नाही आहात. तुम्ही ऑलीचा पॉप (टेल जमिनीवर आपटून बोर्ड उचलणारा झटका) मारून बोर्ड ओढून फिरवायचा प्रयत्न करताय. झीज टेलच्या बोटांकडच्या कोपऱ्यात हवी, जिथे ट्रक बसवणाऱ्या मागच्या बोल्टांनंतर डेक, म्हणजे बोर्डची फळी, वर वळायला लागतो आणि कडेचा उंचवटा टेलला मिळतो. तिथे चवड्याला टेकायला एक छोटीशी खळगी असते. चवडा त्या खळगीत, बोटं कडेच्या जरा बाहेर, टाच हलकी उचललेली. पायाखाली ही खळगी शोधता येईपर्यंत नुसतं उभं राहून पाय तिथे ठेवत-काढत राहिलात तरी चालेल.

पुढच्या पायाचा पट्टा पुढच्या बोल्टांच्या किंचित मागून सुरू होऊन तिरका, टाचेकडच्या कडेच्या दिशेनं नोजकडे जायला हवा. तो सरळ नोजपर्यंत गेला असेल तर पाय फार वेळ बोर्डला चिकटून राहतोय, ऑलीसारखा. पट्टाच नसेल, नुसता एका जागी ठिपका दिसत असेल, तर पाय घासतच नाही, थेट वर उचलला जातोय.

बुटावरही हेच. करंगळीच्या बाजूला भोक पडत असेल तर फ्लिक जागेवर आहे. अंगठ्यासमोर पडत असेल तर पाय फार सरळ ठेवताय. तो नोजकडे साधारण ४५ अंशांत वळवा.

बोर्ड अर्धा किंवा पाऊणच फिरतो

ही सगळ्यात जास्त आढळणारी अडचण. बोर्ड पलटी पूर्ण घेतो, पण १८० किंवा २७० अंशांवर फिरकी संपते आणि तो उलट्या दिशेला किंवा आडवा पडतो. बरेच जण इथे टेल आणखी जोरात आपटतात. आवाज मोठा येतो, बोर्ड उंचही जातो, फिरत मात्र तेवढाच. कारण खाली आपटलेला जोर उंचीत जातो. फिरकीला जोर हवा तो आडवा.

भोवरा सोडताना आपण हात जमिनीवर आपटत नाही, जाळी सर्रकन मागे ओढून घेतो. मागच्या पायाचं काम तसंच आहे. टेल जमिनीला लागते, पण लागता लागता चवडा तिला मागे आणि गोलाकार खेचून घेतो. जोर मांडीतून नाही, घोट्यातून आणि गुडघ्याखालून येतो. पाय टाचांमागे वळसा घेऊन निसटतो. याला स्कूप म्हणतात, आणि ट्रे फ्लिपमधला निम्म्याहून जास्त भाग हाच आहे.

तो वेगळा काढून घोटवायचा उपाय म्हणजे थ्री-सिक्स्टी पॉप शव्हिट, पलटी न देता. ती पूर्ण फिरून चाकांवर यायला लागेपर्यंत ट्रे फ्लिपकडे वळू नका, असं मी आग्रहानं सांगेन. सुरुवातीला त्यावर चढायचीही गरज नाही. पुढचा पाय बोर्डशेजारी जमिनीवर ठेवा, मागच्या पायानं नुसता स्कूप द्या आणि बोर्ड जागेवर किती फिरतो ते बघा. हाताला रेलिंग किंवा खांबाचा आधार घेतला तरी हरकत नाही. या सरावात एक गोष्ट हमखास लक्षात येते. चवडा खळगीतून सुटला आणि टेलच्या टोकाकडे गेला, की बोर्ड उभा राहतो. खळगीत राहिला, की आडवा फिरतो. बोटभर जागेचा फरक, पण निकाल पूर्ण वेगळा.

अजूनही फेरी पुरी होत नसेल तर उडी मारण्याआधी गुडघे किती वाकतात ते तपासा. ताठ पायांनी स्कूप देता येत नाही, कारण पायाला वळसा घ्यायला जागाच उरत नाही. कमरेत वाकण्यानं उपयोग होत नाही. गुडघ्यात बसा, पाठ सरळ ठेवा.

फेरी पुरी होते, पलटी होत नाही

बोर्ड गोल फिरून येतो, पण चाकं वर आणि ग्रिप खाली अशा अवस्थेत पडतो, किंवा कडेवर उभा राहतो. कडेवर उभा राहण्याला स्केटर प्रिमो म्हणतात आणि त्यावर दोन्ही पाय पडले तर घोटा वाचवणं कठीण. तेव्हा प्रिमो दिसला की पाय फाकवून बोर्डच्या दोन्ही बाजूंना उतरायची सवय लावून घ्या.

कारण बहुधा पुढचा पाय घाईनं उचलणं. शव्हिटमध्ये पुढचा पाय नुसता बाजूला होतो, आणि थ्री-सिक्स्टी शव्हिट घोटवल्यावर ती सवय इथेही येते. ट्रे फ्लिपमध्ये तो क्षणभर थांबतो, बोर्ड वर येताना त्याच्यावरून तिरका सरकतो आणि टाचेकडच्या कडेवरून सुटतो. नुसता करंगळीचा भाग कडेला घासून गेला तरी पलटी होते, कारण स्कूप खळगीतून दिला की बोर्ड थोडासा पलटतच वर येतो. पाय घोट्यातून सैल सोडा. मांडीतून झटका मारू नका.

पलटी जास्त होत असेल, म्हणजे एकाऐवजी दीड, तर पुढचा पाय बोल्टांच्या जवळ न्या आणि टाच कडेबाहेर जेवढी लटकत होती त्यापेक्षा थोडी आत घ्या. इतकं पुरतं.

नोज आभाळाकडे

बोर्ड उभ्याउभ्याच फिरतो, टेल खाली, नोज छातीपर्यंत. यावर चढणं धोक्याचं आहे. उभ्या बोर्डची टेल जमिनीवर असते आणि नोज सरळ मांड्यांमध्ये येतो, त्यामुळे हा दोष काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इथे वजन मागे गेलेलं असतं. स्कूपच्या वेळी मागचा खांदा खाली झुकतो, शरीर टेलवर बसतं आणि पुढच्या पायाखाली काहीच वजन राहत नाही. व्हिडिओ बाजूनं घ्या आणि टेल जमिनीला लागते त्या चौकटीवर (फ्रेमवर) थांबा. दोन्ही खांद्यांना जोडणारी रेघ मनात ओढा. ती बोर्डला समांतर नसेल, मागच्या बाजूला उतरत असेल, तर उत्तर मिळालं. उडी दोन्ही पायांच्या मधोमधून वर जायला हवी. पुढचा पाय बोल्टांपासून फार मागे ठेवला तरी हेच होतं, कारण मग नोजला वर येण्यापासून थोपवणारं काही राहत नाही.

बोर्ड पुढे पळतो, किंवा मागे राहतो

तुमच्या बोटांपुढे पळणारा बोर्ड म्हणजे वजन टाचांवर. पडण्याच्या भीतीनं शरीर आधीच मागे सरकतं, आणि जोडीला पुढच्या पायाची लाथ बोर्डला पुढे ढकलते. उडण्याआधी वजन चवड्यांवर आणा, छाती गुडघ्यांवर ठेवा.

पाठीमागे राहणारा बोर्ड म्हणजे स्कूप गोल न जाता सरळ मागे गेला. चवडा मागे खेचून पुढे वळायच्या आधीच पाय सरळ झाला, त्यामुळे सगळा बोर्डच मागे ओढला गेला. स्कूपचा झटका छोटा आणि जलद करा. लांबलचक ओढ दिली की हे होणारच.

उभ्या जागी सराव करणाऱ्यांना हे दोन्ही दोष कळतच नाहीत, कारण तिथे शरीरही बोर्डबरोबर थोडं पुढेमागे उडी घेतं आणि चूक झाकली जाते. गवतावर किंवा चटईवर शंभर वेळा बसलेली ट्रे फ्लिप चालत्या बोर्डवर आली की हरवते, याचं कारण हेच. गवतावर स्कूप जरूर घोटवा. उतरायचा सराव मात्र पहिल्यापासून चालत्या बोर्डवरच करा, पायी चालण्याच्या वेगानं. हळू चाललेला बोर्ड अंगाखालीच राहतो, तुम्ही आणि तो एकाच वेगात असता.

एकच पाय बसतो

आता मूळ तक्रारीकडे. बोर्ड पूर्ण फिरला, पलटी पुरी झाली, ग्रिप वर, चाकं खाली, अंगाखाली अगदी नीट. तरी एक पाय बोर्डवर आणि एक जमिनीवर. आठवडेच्या आठवडे.

लोक याला मनाची भीती म्हणतात आणि सोडून देतात. भीती असते, ते मी नाकारत नाही. पण भीती म्हटलं की पुढे करण्यासारखं काही उरत नाही, आणि बहुतेक वेळा करण्यासारखं बरंच काही असतं.

पुण्यात आम्ही जिथे स्केट करतो तिथल्या एका मुलीचं उदाहरण सांगतो, कारण ते नमुनेदार आहे. रेग्युलर स्केटर, स्कूप उत्तम, बोर्ड दर वेळी सुरेख फिरायचा. पुढचा पाय बोल्टांवर यायचा आणि मागचा वीतभर बाजूला, बोटांकडच्या बाजूला जमिनीवर. सगळे तिला म्हणत, "मागचा पाय टाक ना!" ती टाकत होती. फोनवर स्लो मोशन लावलं, सेकंदाला २४० चौकटी. म्हणजे त्या अर्ध्या सेकंदाच्या सुमारे १२० चौकटी हातात. एकेक पुढे सरकवत गेलो. टेल सुटली त्या चौकटीत खांदे बोर्डला समांतर होते. बोर्ड पाव फिरला तोवर पुढचा खांदा उघडायला लागला होता. बोर्ड पूर्ण फिरून नडगीच्या उंचीवर आला तेव्हा तिची छाती सरळ पुढे, प्रवासाच्या दिशेला तोंड करून होती, जणू धावायच्या बेतात असावी. त्या अवस्थेत कंबर वळलेली असते आणि मागचा पाय आपोआप बोर्डच्या बाजूला येतो. तो मागच्या बोल्टांवर येणं शक्यच नव्हतं. भीती तिच्या पायात नव्हती, अडचण खांद्यात होती.

याला कारण आहे. टेल एका दिशेनं खेचली की धड त्याच्या उलट दिशेला वळू पाहतं. रेग्युलर स्केटरचा बोर्ड घड्याळाच्या दिशेनं फिरतो आणि अंग त्याच्या उलट, म्हणजे पुढचा खांदा उघडतो. जेवढा जोरदार स्कूप, तेवढा हा ओढा जास्त. म्हणून चांगला स्कूप असणाऱ्यांनाच ही अडचण जास्त छळते. हा ओढा हातांनी रोखायचा असतो. स्कूपच्या क्षणी मागचा हात अंगामागे जाऊ द्या, पुढचा हात बोर्डच्या रेषेत नोजकडे ठेवा, आणि उतरेपर्यंत तो तिथून हलू देऊ नका.

सरावासाठी जमिनीवर खडूनं एक लांब रेघ ओढा आणि तिच्यावरून बोर्ड चालवत ट्रिक मारा. उतरल्यावर दोन्ही पाय रेघेवर आहेत का ते बघा. बोर्डवर आले की नाही याची पर्वा पहिले काही दिवस करू नका. पाय रेघेवर पडायला लागले की खांदे बंद राहायला लागले असं समजा. त्या मुलीला हे केल्यावर ट्रिक लगेच बसली नाही. पण पाय बाजूला पडायचा थांबला, आणि तिथून पुढे कामाला दिशा मिळाली.

याच्या उलटा प्रकार म्हणजे मागचा पाय बोर्डवर आणि पुढचा जमिनीवर. इथे बहुतेक वेळा फ्लिक लांब गेलेली असते. पाय कडेवरून सुटून बाहेर झाडला गेला, गुडघा सरळ झाला, आणि सरळ झालेला पाय परत आत यायला वेळ उरला नाही. पाय बाहेर न झाडता वर घ्या, गुडघा छातीकडे. बोर्ड खालून फिरून येत असतो. पाय त्याच्या वर थांबलेला असेल तर त्याला फक्त खाली यायचं असतं.

नजरेचंही सांगतो. बरेच जण बोर्ड सुटताच समोर किंवा खाली जमिनीकडे बघतात. बोल्ट शोधा. बोर्ड फिरून आला की बोल्टांचे चकाकणारे ठिपके ग्रिपवर दिसतात, आणि ते दिसले की पलटी पुरी झाली. नजर तिथे असेल तर पाय तिकडे जातात. म्हणूनच काही स्केटर पुढच्या बोल्टांपैकी एक मुद्दाम वेगळ्या रंगाचा लावतात, त्यामुळे नोज कुठला आणि टेल कुठली तेही झटकन कळतं.

आणि खरोखरच भीती असेल तर? तर उंची कमी करा. टेलचा झटका हलका ठेवून, बोर्ड जमिनीपासून वीतभरच उचलून, फिरकी मात्र पूर्ण. बुटक्या ट्रे फ्लिपवर चढायला मन तयार होतं. एकदा दोन्ही पाय एकत्र उतरायला लागले की उंची आपसूक वाढवता येते.

दोष तुमच्यात नाही, बोर्डात आहे

हे तपासायला पाच मिनिटं लागतात आणि कधीकधी महिन्याचा त्रास वाचतो.

डेक सात थरांच्या मेपल लाकडाचा असतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, बाल्कनीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेला डेक ओल धरतो. थर फुगतात, लाकूड मऊ पडतं आणि पॉप मेल्यासारखा होतो. टेल जमिनीवर आपटून बघा. कडक टाळीसारखा आवाज यायला हवा, दबका आवाज आला तर डेक गेलेला आहे. ओल्या रस्त्यावर स्केट करूच नका, बेअरिंगही गंजतात. टेल झिजून धारदार झाली असेल तर तिला जमिनीपर्यंत पोचायला जास्त अंतर कापावं लागतं आणि सगळी वेळ चुकते. असा डेक सरळ बदला.

रुंदीचं मत: ट्रे फ्लिप शिकताना ८ ते सव्वाआठ इंचांचा डेक मला सगळ्यात सोयीचा वाटतो. साडेआठावरही होते, पण फिरवायला जड जातो. खेळण्यांच्या दुकानातला प्लॅस्टिकच्या ट्रकचा बोर्ड असेल तर त्यावर ही ट्रिक शिकायचा हट्ट धरू नका. त्याचा कडेचा उंचवटाच चवड्याला पकड देत नाही.

ट्रक फार सैल असतील तर स्कूपच्या आधी बोर्ड डोलतो आणि चवडा खळगीतून सरकतो. नट थोडासा आवळा, एका वेळी पाव फेरा. ग्रिपटेप गुळगुळीत झाली असेल तर बदला. लाल मातीनं भरली असेल तर ताठ ब्रशनं झाडून काढा.

जमिनीचंही महत्त्व तेवढंच. पेव्हर ब्लॉकवर ५२-५३ मिलिमीटरची कडक चाकं फटींत अडकतात आणि उतरताना बोर्ड जागच्या जागी थांबतो, त्यावर सराव नको. बेसमेंटमधला ट्रिमिक्स काँक्रीट छान असतो, पण त्यावर सिमेंटची बारीक धूळ असते. चाकांवर ती बसली की उतरताना बोर्ड साबणावर असल्यासारखा सरकतो. सुरुवात करण्याआधी ओल्या फडक्यानं चाकं पुसा, सुकू द्या. गाड्यांची ये-जा कधी असते ते वॉचमनकाकांना विचारून घ्या, मध्येच थांबावं लागलं की लय तुटते.

हेल्मेट घाला. हात टेकून पडल्यावर मनगट मोडतं, त्यामुळे पडताना हात सरळ न टेकता खांद्यावर लोळायला शिका. नडगीला पातळ गार्ड लावले तर पहिल्या काही आठवड्यांत जीव अर्धा हलका होतो. घोटा मुरगळला, सूज आली आणि त्यावर वजन टाकता येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. "चालता चालता बरा होईल" म्हणून पुन्हा बोर्डवर चढू नका.

काल बसली, आज नाही

पहिली ट्रे फ्लिप बसल्यानंतर हे सगळ्यांचं होतं आणि त्यानं माणसं सगळ्यात जास्त खचतात. एकदा बसली म्हणजे अंगात मुरली असं नसतं. त्या दिवशी पाय नेमका खळगीत पडला होता आणि खांदे जागेवर राहिले होते. दुसऱ्या दिवशी बोटभर फरक पडला.

अशा वेळी ट्रे फ्लिपच मारत बसू नका. दहा थ्री-सिक्स्टी शव्हिट मारा. त्या पुऱ्या फिरत नसतील तर चवडा हललाय, बाकी काही बघायचं कारण नाही. त्या फिरत असतील तर दहा किकफ्लिप मारा आणि पुढचा पाय तपासा. दोन्ही ठीक असतील तर खडूची रेघ ओढा. बदललेल्या गोष्टी आठवा: नवे बूट घातलेत का, जमीन वेगळी आहे का, कालच्यापेक्षा वेग जास्त आहे का. नव्या बुटाचा जाड तळवा खळगी लपवतो आणि पायाला ती सापडायला दोन-तीन दिवस जातात.

थकव्याचाही हिशेब ठेवा. पाय दमले की आधी स्कूप आळसावतो, मग पुढचा पाय ती कसर भरून काढायला लाथ मारायला लागतो, आणि अर्ध्या तासात चुकीची सवय घट्ट होते. व्हिडिओत बोर्ड सलग काही वेळा पाऊणच फिरताना दिसला तर त्या दिवसापुरती ट्रे फ्लिप बंद करा, पाणी प्या, पाय सैल करा, हवं तर मॅन्युअल (दोन चाकांवर तोल सांभाळत जाणं) किंवा ग्राइंडकडे (कठड्यावर ट्रक घासत जाणं) वळा. दुसऱ्या दिवशी अंग गरम झाल्यावर, बाकी काही करण्याआधी, ताज्या पायांनी पहिली पंधरा मिनिटं तिला द्या: हळू वेग, बुटकी उडी, नजर बोल्टांवर.